सदरची साधी घरं आणि दुरुस्तीचा हक्क

नागपूरच्या वारशाचा विषय निघाला की ठरलेली नावं पुढे येतात. सीताबर्डीचा किल्ला, झीरो माइलचा दगड, विधानभवन, कस्तुरचंद पार्क, अजब बंगला. सदर या वस्तीचं नाव आलंच तर ते ऑल सेंट्स कॅथेड्रलमुळे येतं. या वास्तू मोलाच्या आहेत आणि त्या जपल्याच पाहिजेत. पण सदर हे सदर झालं ते त्यांच्यामुळे नाही. ते झालं वर घर आणि खाली दुकान असलेल्या गल्ल्यांमुळे, कवेलूंच्या छपरांमुळे आणि रस्त्यावर उघडणाऱ्या वरांड्यांमुळे. या साध्या इमारती भराभर पडत आहेत आणि त्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. त्या वाचवायच्या तर वारशाकडे पाहण्याची आपली रीत बदलावी लागेल, असं मला वाटतं. साधं घर वारसायादीत नाव गेल्याने टिकत नाही, वेळेवर दुरुस्त झाल्याने टिकतं. म्हणून जतनाचा खरा प्रश्न दुरुस्तीचा आहे. ती कोण करतो, कोणाच्या पैशाने करतो आणि ती करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आधी पाहायला हवं.

सदरचा इतिहास इंग्रजी छावणीशी बांधलेला आहे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपुरावर इंग्रजांचा वचक बसला. टाकळीला त्यांच्या फौजेचं ठाणं होतं आणि १८२१ पासून कामठीची छावणी उभी राहिली. फौज आली की तिच्यामागे बाजार येतो. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर राजधानी झालं, १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे इथवर पोहोचली आणि सिव्हिल लाइन्समध्ये साहेबांचे बंगले वाढले. त्या बंगल्यांना पाव, कापड, खोगीर, औषधं पुरवणारे, तिथे कारकुनी आणि स्वयंपाक करणारे लोक सदर, छावणी, खलासी लाइन, गड्डीगोदाम अशा वस्त्यांत राहिले. कामठीची फौज मद्रासच्या सेनेची होती, त्यामुळे तमिळ-तेलुगू कुटुंबं इकडे आली. पारशी आले, बोहरी आले, मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबं स्थिरावली. बिशप कॉटन शाळा १८६२ पासून चालू आहे. फाळणीनंतर सिंधी आणि पंजाबी कुटुंबांनी इथे नव्याने संसार मांडले. इतक्या तऱ्हेची माणसं एका वस्तीत नांदू शकली याचं एक कारण इथल्या इमारतींतच आहे. त्या लहान होत्या, तोडून-जोडून वापरता येत होत्या आणि त्यांचं भाडं परवडत होतं.

असं एखादं जुनं घर जवळून पाहावं. जोतं काळ्या दगडाचं, रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या वर. पुढे लाकडी खांबांचा वरांडा. मागे दुकान आणि दुकानाला शटरऐवजी फळ्या. प्रत्येक फळीवर आकडा कोरलेला, कारण त्या खाचेत ठरलेल्या क्रमानेच बसतात. दुकानाचं तोंड अरुंद, पण आत खोली लांबवर गेलेली. तिच्या मागे अंगण, नळ, न्हाणी आणि वर जाणारा लाकडी जिना. वरच्या खोल्यांना उंच छत आणि छताजवळ दोरीने उघडणारे झरोके. सगळ्यावर सागवानी वाशांवर पेललेलं कवेलूंचं छप्पर.

यातली एकही गोष्ट निव्वळ शोभेची नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात जाड भिंत दिवसभर तापत राहते, पण ती उष्णता आत पोहोचायला संध्याकाळ होते. वरांड्यामुळे ऊन भिंतीवर पडतच नाही. तापलेली हवा वर चढून झरोक्यातून निघून जाते, कवेलूंच्या फटींतूनही थोडी निसटते. दाराला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारलं की दुपार सुसह्य होते. काँक्रीटच्या पातळ भिंती आणि सपाट स्लॅब यांच्याकडे यातलं काहीच नाही. म्हणून तिथे एसी लागतो आणि त्या एसीची गरम हवा शेजारच्याच्या खिडकीत जाते. तापमान वाढत असताना विदर्भातल्या शहरांनी ही जुनी रचना पाडून टाकणं हे व्यवहाराच्या हिशेबानेही चुकीचं आहे. शिवाय त्या विटा भाजायला लागलेलं इंधन केव्हाच जळून गेलं आहे. घर पाडलं की ते वाया जातं आणि नव्या घरासाठी पुन्हा तेवढंच जाळावं लागतं.

मात्र हे घर काळजी मागतं. पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात. फुटलेले काढायचे, सरकलेले बसवायचे, माकडांनी केलेली भगदाडं बुजवायची. दिवाळीआधी भिंतींना चुना द्यायचा. ही रंगसफेदी म्हणजे इमारतीची दरवर्षीची तपासणीच होती. कुठे ओल आली, कुठे वाळवी लागली, कुठे भेग गेली हे त्या चार दिवसांत घरातल्या सगळ्यांना कळायचं. चुन्याच्या भिंतीला श्वास असतो. पावसाळ्यात ती ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. अशा भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर चढवलं की ती ओल आत कोंडते. काही वर्षांतच पोपडे सुटतात, आतला चुना भुसभुशीत होतो, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कुजतं. मग कुणीतरी सांगतं की घर जुनं झालं, आता पाडायला हवं. पुष्कळदा घर जुनेपणाने नाही, चुकीच्या दुरुस्तीने मेलेलं असतं. चुना मुरवणारे गवंडी आणि सागवानाला सांधा घालणारे सुतार फारसे उरले नाहीत, म्हणून ती चुकीची दुरुस्ती झालेली असते.

दुरुस्ती का थांबली, याचं दुसरं कारण कायद्यात आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी १९४९ मध्ये भाडेनियंत्रणाचा आदेश निघाला आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा येईपर्यंत विदर्भात तोच चालला. त्याने हजारो भाडेकरूंना छप्पर दिलं, हे त्याचं मोठं काम. पण भाडं गोठलं आणि गोठलेल्या भाड्यात कवेलू फेरण्याचीही मजुरी निघेना. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण ती जुन्या तुटपुंज्या आकड्यावर. घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. त्याने ती पाळली नाही तर नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय आहे. पण वळता करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या ठराविक हिश्शापुरतीच. जिथे भाडंच काही शे रुपये, तिथे हा हक्क कागदावर राहतो. मालक इमारत पडण्याची वाट पाहतो आणि भाडेकरू जागा सोडावी लागेल या भीतीने गप्प बसतो. दोघांच्या मध्ये भिंत खचत जाते.

त्यात विदर्भातला नझूलचा, म्हणजे सरकारी मालकीच्या जमिनींचा, प्रश्न आहे. नागपुरातल्या पुष्कळ जमिनी सरकारी भाडेपट्ट्याच्या आहेत. २०१९ च्या नियमांनी अशा जमिनी रक्कम भरून मालकी हक्काच्या करून घेण्याची वाट मोकळी केली. पिढ्यान्‌पिढ्या पट्ट्यावर राहिलेल्या कुटुंबांना हा न्यायच आहे. पण ज्या दिवशी जमीन मोकळी होते, त्याच दिवशी तिची बाजारातली किंमत वर चढते आणि तिच्यावरचं जुनं घर ही अडचण वाटू लागते. रेसिडेन्सी रोडवर उड्डाणपूल आला, बाजूच्या भूखंडांवर उंच संकुलं आली. मधल्या दुमजली घरांवर दोन्ही बाजूंनी दाब आहे.

वारसानियम या दाबाला पुरे पडत नाहीत. मुंबईत १९९५ मध्ये देशातले पहिले शहरी वारसानियम आले आणि नागपूरनेही त्याच धर्तीवर वारसायादी आणि समिती केली. श्रेणी एकमध्ये हात लावायचा नाही, श्रेणी दोनमध्ये आतले बदल आणि नवा वापर तपासून मान्य करायचा, श्रेणी तीनमध्ये बरीच मोकळीक, अशी ही रचना आहे. यादी इमारतीचं रूप पाहते. आत कोण राहतो, त्याचं पोट कशावर चालतं, उद्या छप्पर गळलं तर तो काय करील, हे तिला दिसत नाही. म्हणून मालकाला यादी म्हणजे बेडी वाटते आणि नाव लागण्याआधीच घर पाडण्याची घाई होते. वारशापोटी मिळणारा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे न वापरलेलं बांधकाम दुसरीकडे विकण्याची मुभा, मोठ्या भूखंडाच्या मालकाला उपयोगी पडतो. लहान घरातल्या भाडेकरूच्या किंवा दुकानातल्या कारागिराच्या हाती त्यातलं काहीच येत नाही.

दुरुस्तीसाठी सार्वजनिक व्यवस्था उभारण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. १९६९ च्या कायद्याने मुंबई शहरात इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ आलं. जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून दुरुस्ती करायची, ही त्यामागची कल्पना. असा उपकर बसलेल्या १९,६४२ इमारती होत्या. १९८६ मध्ये आणखी मोठं पाऊल पडलं. भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम भरून इमारत घेता यावी, अशी तरतूद आली. तिला मालकांनी आव्हान दिलं आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपर्यंत गेला. या प्रयोगातून दोन धडे मिळतात. दुरुस्तीचा पैसा वेळेवर आणि पुरेसा मिळाला तर इमारती तगतात. दुरुस्तीवरचा भर ओसरून पुनर्विकासावर गेला की तोच पैसा आणि तीच यंत्रणा टॉवर उभे करण्याकडे वळते. नागपुरात असं दुरुस्ती मंडळ कधी आलंच नाही.

मलेशियातल्या जॉर्ज टाउनची कथाही बोलकी आहे. पेनांग बेटावरच्या या बंदरात सदरसारखीच खाली दुकान आणि वर घर असलेली हजारो जुनी घरं. २००० मध्ये तिथलं भाडेनियंत्रण उठलं, भाडी वाढली आणि जुनी कुटुंबं निघून गेली. २००८ मध्ये शहर युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत आलं, तेव्हा दर्शनी भिंती रंगवलेल्या होत्या, पण पुष्कळ घरांत राहणारी माणसं बदलली होती. हॉटेलं आणि कॉफीची दुकानं वाढली. मग २००९ पासून थिंक सिटी या संस्थेने मालकांना आणि भाडेकरूंना दुरुस्तीसाठी लहान अनुदानं द्यायला सुरुवात केली. हा चांगला उपाय उशिरा आला. सदरला अजून वेळ आहे, कारण इथली माणसं अजून इथेच आहेत.

लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' या पुस्तकात हा मुद्दा मांडला होता. शहराला जुन्या साध्या इमारती लागतात, कारण नव्या इमारतीचं भाडं नवख्या धंद्याला झेपत नाही. सदरच्या गल्ल्यांत शिंपी, घड्याळजी, जिल्दसाज, टायर दुरुस्त करणारा, क्लासवाला, होतकरू वकील यांना जागा मिळते ती या कारणानेच.

म्हणून पुनर्वापराची सुरुवात आत्ताच्या वापरापासून झाली पाहिजे. जुनं घर घेऊन त्याचं महागडं रेस्टॉरंट केलं की वारसा वाचला, असं म्हणता येत नाही. भिंत वाचली, वस्ती गेली. आज जो तिथे राहतो किंवा धंदा करतो, त्याचा पहिला हक्क. रिकाम्या खोल्यांना नवं काम द्यायचं तर ते वस्तीला लागणारं असावं. अभ्यासिका, दवाखाना, नोकरदार मुलींचं वसतिगृह, शिवणवर्ग. जुन्या हायकोर्टाच्या इमारतीत पुरातत्त्व विभागाचं कार्यालय चालतं, हे याच शहरातलं उदाहरण आहे. मोठ्या वास्तूंना नवं काम देणं आपल्याला जमतं, मग लहान घरांना का जमू नये?

हे करताना भाबडेपणा नको. जुन्या घरांत संडास मागे आणि अंधारा, वायरिंग धोक्याचं, जिना म्हाताऱ्यांना न झेपणारा. तिथे राहणाऱ्या बाईला स्वयंपाकघरात उजेड आणि घरात मोरी हवी असेल तर ती मिळालीच पाहिजे. काही इमारती खरोखर धोकादायक आहेत, त्या उतरवाव्याच लागतील. बाहेरून येऊन घराचं कौतुक करणाऱ्याने आत राहणाऱ्याच्या गैरसोयीवर पांघरूण घालू नये. काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हे ठरवताना रहिवाशाचा शब्द मोठा असावा. वास्तुरचनाकाराने सल्ला द्यावा, पर्याय दाखवावेत, खर्च सांगावा.

सदरसाठी करायची कामं अवघड नाहीत. पहिलं काम गल्लीनिहाय नोंद. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या वास्तुकला विभागातल्या मुलांनी आणि इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या नागपूर शाखेने रहिवाशांसोबत बसून ती करावी. घराच्या चित्राबरोबर घराची गरजही लिहावी. छप्पर किती वर्षं फेरलं नाही, कोणती भिंत ओली, दुरुस्तीला किती खर्च. दुसरं, महापालिकेचा लहान दुरुस्ती निधी आणि घर नीट राखणाऱ्याला मालमत्ता करात सूट. पैसा मालक आणि भाडेकरू दोघांच्या सहीने मिळावा, म्हणजे दोघांना एकत्र यावं लागेल. तिसरं, कवेलू, दार, जिना अशा लहान दुरुस्तीला वारसा समितीच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत. महापालिकेच्या 'मंगळवारी' झोनच्या कार्यालयातच ती परवानगी थोड्या दिवसांत मिळावी. चौथं, पाडलेल्या घरांचं सागवान, कवेलू, फळ्या, बिजागऱ्या साठवणारं एक गोदाम. आज हा माल भंगारात जातो आणि शेजारच्या घराला तोच मिळत नाही. पाचवं, चुन्याचं आणि लाकडाचं काम येणारे जे हात उरले आहेत त्यांच्याकडे तरुण गवंडी-सुतारांना पगारी उमेदवारी.

याला कोट्यवधींची योजना लागत नाही, दरवर्षी न चुकता मिळणारी थोडी तरतूद लागते. महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात सदरच्या दुरुस्तीसाठी एक वेगळं शीर्ष उघडावं आणि त्याच्या खर्चाचा हिशेब रहिवाशांपुढे मांडावा, एवढी मागणी आपण सदरकरांनी आणि नागपूरकरांनी आत्ताच लावून धरली पाहिजे. घर राखणाऱ्याला बळ मिळालं तर वारसा राखायला वेगळी मोहीम लागणार नाही.