सत्तर वर्षे म्हणजे नेमकी किती?



पवित्र शास्त्रातील आकड्यांवरून जगाच्या अंताची तारीख काढणारे प्रत्येक पिढीत निघतात. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकऱ्याने दानिएलच्या ग्रंथातील २३०० दिवसांची २३०० वर्षे धरली आणि ख्रिस्त १८४३-४४ च्या सुमारास परत येईल असे सांगितले. अखेर त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस मानला. काहींनी शेतातले पीकही काढले नाही. तो दिवस उजाडला आणि मावळला.

त्यांना हसण्याआधी आपण एक साधा आकडा तपासू या. यिर्मया संदेष्ट्याने बाबिलोनच्या सत्तेसाठी सत्तर वर्षे सांगितली. ती कोठून मोजायची? त्या सत्तेचा उदय इ.स.पूर्व ६०५ मध्ये धरला, तर ५३८ मध्ये कोरेश राजाने परतण्याची मुभा देईपर्यंत ६७ वर्षे होतात. जेरुसलेम पडले त्या ५८७ पासून मोजली तर ४९. मंदिराच्या विध्वंसापासून ते ५१५ मध्ये पुन्हा उभे राहीपर्यंत ७२. पुढे दानिएलच्या ग्रंथात तर याच सत्तर वर्षांची सत्तर सप्तके, म्हणजे ४९० वर्षे होतात.

मग ‘आकडा केवळ प्रतीक आहे’ असे म्हणून मोकळे व्हावे का? ते फार सोयीचे होईल. हिशेब जुळला तर चमत्कार आणि नाही जुळला तर प्रतीक, असे म्हटले की कोणतेच भाकीत कधी खोटे ठरत नाही. जे खोटे ठरूच शकत नाही, ते आपल्याला काही सांगतही नाही.

म्हणून वेगळा प्रश्न विचारू या: हा आकडा ऐकून लोकांनी काय करावे अशी अपेक्षा होती? त्याच सुमारास हनन्या लोकांना दोनच वर्षांत सुटकेची हमी देत होता. यिर्मयाने मात्र बंदिवासात नेलेल्यांना पत्र धाडले: घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. स्तोत्र ९० माणसाचे आयुष्य सत्तर वर्षांचे मानते. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना उमगले असणार: परतणे होईल, पण ते आपण पाहणार नाही.

हनन्याची दोन वर्षे खोटी ठरली. लोक मात्र पुढच्या पिढ्यांत खरोखर परतले.

जे मी पाहणार नाही, ते वचन माझे कसे? हाच खरा कठीण प्रश्न आहे. आम्हांला वाटते, ते वचन एकट्या माणसाला नव्हतेच, प्रजेला होते. म्हाताऱ्याने लावलेल्या मळ्यातले नातवाने खाल्ले, तरी वचन दोघांचेही पूर्ण झाले.

तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असे प्रभू येशू सांगतो (मार्क १३). तेथेच तो प्रत्येक सेवकाला आपापले काम नेमून देणाऱ्या धन्याचा दाखला देतो. तारीख दिलेली नाही, काम दिलेले आहे.

या आठवड्यात घरी रोझरीनंतर यिर्मयाचे २८ व २९ हे अध्याय सर्वांनी मिळून वाचावेत, ही विनंती.

तुमचे प्रमुख धर्मगुरू