स्वतःचे मत

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री पावणेबारा वाजता आमच्या हिने मला हलवून जागे केले आणि विचारले, "अहो, स्वतःचं मत स्वतःला द्यावं का हो?"

पावणेबारा ही तत्त्वचिंतनाची वेळ नव्हे. शिवाय महिन्याचा शेवटचा शनिवार. दिवसभर कॅशवर बसून माझी बोटे आणि मेंदू दोन्ही नोटांच्या बंडलासारखे बांधले गेले होते. झोपेतच मी म्हणालो, "स्वतःचं मत स्वतःपाशीच ठेवावं." वीस वर्षांच्या संसारात मी एवढेच शिकलो आहे.

"तसलं मत नव्हे हो! उद्याचं मत!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी निवडणूक होती आणि त्या निवडणुकीत आमची ही उभी होती.

हे जरा समजावून सांगितले पाहिजे. मी बी. कॉम., बँकेत कारकून. ही स्थापत्य अभियंता, पाटबंधारे खात्यात. म्हणजे मी दुसऱ्यांचे पैसे मोजतो आणि ही दुसऱ्यांचे पाणी मोजते. बाहेरगावच्या लोकांना नाशिक म्हटले की रामकुंड, द्राक्षे आणि मिसळ आठवते. पण हे इंजिनिअरांचेही गाव आहे. दिंडोरी रस्त्यावर 'मेरी' आहे, ओझरला विमानांचा कारखाना आहे, एकलहऱ्याला वीजकेंद्र आहे. खुद्द विश्वेश्वरय्यांची १८८४ सालची पहिली नेमणूक नाशकातलीच. तेव्हा इतक्या इंजिनिअरांत बायका इंजिनिअर असणार, आणि बायका इंजिनिअर असल्या की त्यांचा एक संघ असणार, हे ओघाने आलेच. संघाचे नाव सांगत नाही. पुढेमागे आमच्या घरातून पुन्हा उमेदवारी अर्ज जायचा संभव आहे.

तर या संघाचे अध्यक्षपद. आजवर ते बिनविरोध जात असे. नाशिकला बिनविरोधाची परंपराच आहे म्हणा ना. १९६३ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना इथूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. संघातल्या अध्यक्षबाईही फार चांगल्या. पंधरा सप्टेंबरला अभियंता दिन, संक्रांतीला हळदीकुंकू आणि मध्ये एक सहल, असा त्यांचा चोख कारभार. चिवडा तर असा करतात की विरोधक म्हणून त्यांच्याकडे जावे आणि कार्यकर्ता होऊन परत यावे.

मग हिने उभे राहायचे कारण काय? कारण अगदी साधे. साइटवर बायकांसाठी मुतारी नसते. मी हा शब्द लिहायला जरा बिचकलोच. पण ही म्हणते, बिचकण्यामुळेच ती बांधली जात नाही. ही स्वतः पंधरा वर्षे सकाळी साइटवर जाताना पाणी न पिता जाते. पाटबंधारे खात्यातली बाई, आणि पाणी पीत नाही! नव्या मुली लागल्या की त्यांना "उन्हात कुठे जाता?" म्हणून प्रेमाने टेबल दिले जाते, आणि दहा वर्षांनी बढतीच्या वेळी "यांना साइटचा अनुभव नाही" असा शेरा तितक्याच प्रेमाने मारला जातो. संघाने कुठल्या साइटवर काय सोय आहे याची एक यादी करावी आणि ती घेऊन साहेबलोकांना भेटावे, एवढेच हिचे म्हणणे. बैठकीत ते तिने मांडले. सगळ्या म्हणाल्या, "अगदी बरोबर! कुणीतरी केलं पाहिजे." एवढे बोलून सगळ्या पंख्याकडे पाहू लागल्या. ही पंख्याकडे पाहायची विसरली.

अर्ज भरला, छाननी झाली, माघारीची मुदत टळली. आता मते मागायची. आणि इथे गाडी अडली. आमची ही ठेकेदाराला भर उन्हात उभा करून सिमेंटचा हिशेब मागते, पण हिला मत मागता येईना. फोन करायची. तिकडच्या बाईच्या मुलाची बारावी, सासूबाईंचा गुडघा, कामवालीचे खाडे, सगळे विचारून व्हायचे आणि "बरं, ठेवते मग" म्हणून फोन बंद. असे सत्तावीस फोन मी मोजले. मोजायची सवय. मत एकाही फोनवर मागितले नाही. एका बाईने आपणहून विषय काढला, तर ही म्हणाली, "त्याही चांगल्याच आहेत हो!" मी कपाळावर हात मारला.

"अगं, असं कुणी बोलतं का?"

"मग काय, मीच चांगली आहे म्हणून सांगू? लाज नाही वाटणार?"

आता माझी हकीकत ऐका. चार वर्षांपूर्वी आमच्या कर्मचाऱ्यांच्या पतपेढीची निवडणूक मी लढवली होती. मी पत्रक छापले होते. त्यावर माझा फोटो लग्नाच्या वेळचा आणि विशेषणे त्याहूनही जुनी: कर्तव्यदक्ष, निःस्वार्थी, लढाऊ. माझा एकूण लढा म्हणजे कॅश विभागातला पंखा दुरुस्त करून घेणे. मते मागताना मी ज्यांना मागे 'गाढव' म्हटले होते त्यांच्या खांद्यावरही हात टाकला. आणि मतदानाच्या दिवशी, अगदी खरे सांगतो, स्वतःच्या नावापुढे शिक्का मारताना माझ्या मनात कसलाही नैतिक प्रश्न उभा राहिला नाही. एकच काळजी होती, शिक्का पुसट तर उठला नाही ना! मला चौदा मते पडली. त्यातले एक माझे.

असा मी, आणि त्या रात्री पावणेबाराला मला नीतिशास्त्र विचारले गेले.

सकाळी चहाच्या वेळी प्रश्न पुन्हा आला. मी थोडा वाचन करणारा माणूस आहे, त्यामुळे अशी संधी सोडत नाही. म्हटले, प्लेटोने लिहून ठेवले आहे की चांगल्या माणसांना सत्तेची हाव नसते. ती सत्ता घेतात ती आपल्याहून वाईट माणसाच्या हाताखाली राहायची शिक्षा टळावी म्हणून. ही म्हणाली, "पण त्या वाईट नाहीत. चिवडा किती छान करतात." इथे प्लेटो संपला.

मग मी कांट काढला. त्या जर्मन गृहस्थाचे म्हणणे असे की, आपण जे करतो ते सगळ्यांनी केले तर चालेल का ते पाहावे. आता दोन्ही उमेदवारांनी आपापले मत स्वतःला दिले तर निकाल जो लागेल, तोच दोघींनी एकमेकींना दिले तरी लागेल. आमच्या भाषेत कॉन्ट्रा एंट्री. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे, शिल्लक तीच. घोटाळा होतो तो एकीनेच विनय दाखवला तर.

एवढ्यात देवघरातून आई म्हणाली, "भरतानं नाही का राज्य नाकारलं?" आईला उलट बोलत नाही, पण मनात आले, त्या दोघा भावांनी आपापले मत एकमेकांना दिले आणि चौदा वर्षे सिंहासनावर पादुका बसल्या. रामराय चित्रकूटाहून पुढे आपल्या पंचवटीत आले, तो नाशिकचा फायदा. अयोध्येचे काय?

हे सगळे बोलून झाल्यावर हिने सरळ विचारले, "पण तुम्हाला काय वाटतं? द्यावं की नाही?"

आणि मी, वर्तमानपत्र उलगडता उलगडता, निव्वळ गंमत म्हणून म्हणालो, "तसं बघितलं तर शोभत नाही, बाई."

मला वाटते, लेख इथेच संपवायला हवा होता. पण तेरीज जुळेपर्यंत कारकुनाला घरी जाता येत नाही.

मतदानापूर्वी दोघींनी पाच-पाच मिनिटे बोलायचे होते. मी हॉलच्या दाराशी पिशव्या सांभाळत उभा होतो. आमच्या हिने पाचापैकी साडेचार मिनिटे ए. ललिता यांना दिली. ललितांचे लग्न पंधराव्या वर्षी झाले, अठराव्या वर्षी त्या विधवा झाल्या, मांडीवर काही महिन्यांची मुलगी. त्यांचे वडील मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. त्यांनी प्राचार्यांपाशी शब्द टाकला आणि मुलगी विजेचे इंजिनिअरिंग शिकली. १९४३ साली ती भारतातली पहिली स्त्री इंजिनिअर झाली. मागोमाग लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया. त्यांच्या पदवीपत्रांवर इंग्रजीतला 'ही' आधीच छापलेला. तो खोडून 'शी' लिहावे लागले. (दाराशी मला वाटले, मराठीत छापले असते तर 'ही' तसाच ठेवता आला असता.) थ्रेसिया पुढे १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. ललितांनी भाक्रा-नानगलच्या वीजवाहिन्यांचे काम केले. १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा आपल्याकडे अशी संघटना नव्हती. म्हणून ललिता कुणाच्या प्रतिनिधी म्हणून नव्हे, स्वतःच्याच वतीने गेल्या. लंडनला १९१९ पासून स्त्री इंजिनिअरांची संस्था होती, पहिल्या महायुद्धात कारखाने चालवलेल्या बायकांना शांतता होताच घरी पाठवू लागले तेव्हा निघालेली. ललिता १९६५ साली तिच्या सभासद झाल्या. आणि १९८१ साली त्याच जागतिक परिषदेचे सहावे अधिवेशन आपल्या मुंबईत भरले.

उरलेल्या अर्ध्या मिनिटात ही म्हणाली, "मी निवडून आले तर साइटची यादी करीन," आणि खाली बसली. "मला मत द्या" हे राहिलेच.

अध्यक्षबाई उठल्या. म्हणाल्या, "मैत्रिणींनो, मला काम येतं, तुम्हाला ठाऊक आहे. मला मत द्या." एवढेच. चार मिनिटे पन्नास सेकंद वाचवून चिवडा वाटला.

माझ्या मनात त्या वेळी साहित्य संमेलनाचा विचार चालला होता. पूर्वी संमेलनाध्यक्ष मतांनी निवडला जाई. थोर लेखकांनी दारोदार मते काय मागायची, अशी ओरड वर्षानुवर्षे चालल्यावर २०१८ साली महामंडळाने निवडणूकच बंद केली आणि पुढच्या यवतमाळच्या संमेलनाला अरुणा ढेरे सन्मानाने अध्यक्ष झाल्या. त्या वेळी मी बँकेत मोठ्याने म्हणालो होतो, "झालं हे फार चांगलं!" अजूनही मला ते चांगलेच वाटते. पण सन्मानाने बोलावणे यायला आधी नाव दारापर्यंत पोचलेले असावे लागते. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमला, पुढच्या कमला सोहोनी, यांना १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत 'मुलगी' म्हणून प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्या 'बोलावतील तेव्हा जाऊ' म्हणून घरी बसल्या असत्या तर? त्या सर सी. व्ही. रामन यांच्यापुढे जाऊन हटून बसल्या. ते शोभत होते की नव्हते, हे मला त्या हॉलच्या दाराशी पिशव्या धरून काही ठरवता येईना.

निकाल लागला. झालेले मतदान त्र्याऐंशी. बाद एक. अध्यक्षबाईंना बेचाळीस, हिला चाळीस.

आमच्या धंद्यात तेरीज जुळली नाही तर आधी फरक पाहतात. फरक नवाने भागला गेला, तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. अठ्ठ्याऐंशीऐवजी नव्याण्णव नव्हे, एकोणनव्वदऐवजी अठ्ठ्याण्णव. फरक दोनाने भागला गेला, तर त्याच्या निम्म्याची रक्कम शोधायची. ती जमेची नोंद चुकून नावे पडलेली असते. फरक दोन. निम्मे एक. हा काही पुरावा नव्हे, वैध मते ब्याऐंशी असली की फरक सम येणारच. पण सवय वाईट. मी रिक्षात बसल्या बसल्या ती एकाची नोंद शोधू लागलो, आणि सी.बी.एस.च्या सिग्नलपाशी मला ती सापडली.

"तू मत कुणाला दिलंस?"

ही बाहेर बघत होती. म्हणाली, "गुप्त मतदान असतं."

"अगं, पण एकेचाळीस-एकेचाळीस झाले असते! चिठ्ठी टाकावी लागली असती!"

"तुम्हीच म्हणालात ना, शोभत नाही म्हणून."

बँकेत कॅश कमी आली तर कॅशियर खिशातून भरतो. मी दोनदा भरली आहे, एकदा पाचशे, एकदा दोन हजार. रडलो, पण भरली. हे एक मत कुठल्या खिशातून भरायचे? आणि मतापेक्षाही एक गोष्ट मला त्या रिक्षात टोचत होती. पतपेढीच्या वेळी मी हिला विचारले नव्हते, 'स्वतःचं मत स्वतःला द्यावं का?' विचारले असते तर ही काय म्हणाली असती? "अहो, म्हणजे काय! द्या की!" असेच म्हणाली असती. याची मला शंभर टक्के खात्री आहे.

संध्याकाळी अध्यक्षबाईंचा फोन आला. मोकळ्या मनाची बाई. म्हणाल्या, "दोनच मतांनी गं! मी तर बाई घाबरलेच होते. बरं झालं, मी माझं मला दिलं." हिने विचारले, "काही वाटलं नाही?" तिकडून हसू ऐकू आले. "वाटायचं काय? उभी राहिले ती कशाला मग?" पुढे त्यांनी हिला कार्यकारिणीवर यायला सांगितले. ही म्हणाली, साइटची यादी करायची असेल तर येते. "कर की," त्या म्हणाल्या, "सहलीनंतर घेऊ." सहल डिसेंबरात आहे.

यादी मात्र सुरू झाली आहे. जेवणाच्या टेबलावर एक वही आहे, तिच्यात साइटची नावे आणि पुढे 'आहे', 'नाही', 'आहे पण कुलूप' असे तीन रकाने. रकाने मी आखून दिले. तेवढा माझा हात चांगला आहे. 'नाही'चा रकाना भरून पान उलटले आहे.

परवा पुन्हा रात्री पावणेबाराला मला हलवून जागे केले गेले.

"अहो, पुढच्या वेळी मी सगळ्यांना मत मागणार आहे. तोंड उघडून."

"छान," मी उठून बसलो. "माझं मत विचारशील तर—"

"नाही," ती म्हणाली, "तुमचं नाही विचारणार," आणि कूस बदलून झोपी गेली.