एका मनुष्याचे दोन देश

मनुष्यास माता एकच असते, म्हणून त्यास मातृभूमीही एकच असली पाहिजे, असा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. उपमा कानास गोड लागते. परंतु उपमा म्हणजे प्रमाण नव्हे. जिच्या आधारावर असंख्य माणसांचे हक्क दिले अगर नाकारले जातात, ती उपमा एकदा तपासून पाहणे अवश्य आहे. आणि त्यासाठी आमच्या रायगडच्या किनाऱ्याहून अधिक योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोकांची जुनी वस्ती होती. नवगावजवळ पूर्वजांचे गलबत फुटले व त्यातून वाचलेल्या थोड्या स्त्री-पुरुषांपासून आपला वंश वाढला, असे त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी तो बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे म्हणजे या भूमीचे जणू उतारेच होत. प्रार्थना हिब्रूत, संसार मराठीत आणि नवस फेडावयाचा तो मलिद्याने, असा त्यांचा जीवनक्रम होता. १९४८ च्या सुमारास भारतात ते सुमारे २०,००० होते. पुढे बहुतेक कुटुंबे इस्राएलास गेली; अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ साली स्थापन झालेले सिनेगॉग मात्र आजही उभे आहे. ही मंडळी कोणाच्या छळामुळे गेली नाहीत. येथील प्रेम आटले म्हणून नव्हे, तर तेथील ओढ बलवत्तर झाली म्हणून ती गेली. आणि तेथे गेल्यावर त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले!

मध्यंतरी अशा एका गृहस्थांची गाठ पडली. त्यांचे वय सत्तरीच्या घरात. विशीच्या आत आईवडिलांबरोबर ते इस्राएलास गेले. जाताना वडिलांनी नारळी-पोफळीची वाडी विकली. आता निवृत्तीनंतर त्या वाडीचा लहानसा तुकडा परत विकत घ्यावा, या इच्छेने ते आले होते. चौकशीअंती त्यांस समजले की, ते भारताचे नागरिक नाहीत व म्हणून शेतजमीन अथवा बागायत त्यांस विकत घेता येणार नाही. माझ्याशी बोलताना ते हसून म्हणाले, “सर, थडग्यापुरती जागा मला इथे मिळेल; पण माडाच्या रोपापुरती मिळणार नाही.” त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, आणि म्हणूनच ते शब्द माझ्या मनातून जाईनात.

कायदा स्पष्ट आहे. आपल्या संविधानाचा नववा अनुच्छेद आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम यांचा आशय असा की, जो स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारतो त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. इस्राएलच्या १९५० च्या कायद्यान्वये परतणाऱ्या यहुद्यास जुने नागरिकत्व टाकून ये, असे तो देश म्हणत नाही. टाकावयास लावतो तो आपला देश. २००५ च्या दुरुस्तीनंतर ओसीआय कार्डाची सोय पाकिस्तान व बांगलादेश वगळता इतर सर्व देशांतील भारतीयांसाठी खुली झाली. त्या कार्डाच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द आहे, परंतु वस्तुतः ते नागरिकत्व नव्हे. त्याने आजन्म येण्याजाण्याची मुभा मिळते. मत मिळत नाही, संविधानिक पद मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि विशिष्ट कारणांसाठी सरकार ते रद्दही करू शकते. शेतकरी नसलेल्या भारतीयासही महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यास अडचण असते, हे खरे. परंतु त्या बंधनाचा पाया व्यवसाय आहे, या बंधनाचा पाया पारपत्र आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे हलके नाही. दोन डगरींवर पाय ठेवणारा युद्धप्रसंगी कोणत्या डगरीवर उभा राहील? ज्या कायद्याचा भार आपणांस वाहावयाचा नाही, तो करण्यात दूरदेशी बसून मत द्यावयाचे, हा न्याय कोणता? या आक्षेपांत सत्य आहे, आणि मताच्या बाबतीत मी तो मान्य करतो. परंतु ज्या देशांनी दुहेरी नागरिकत्व मानले, त्यांनी काय केले ते पाहावे. पाकिस्तानचा कायदा काही ठरावीक देशांपुरते ते मान्य करतो. तथापि तेथील संविधान अशा नागरिकास संसदेत बसू देत नाही, आणि २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने याच कारणास्तव कित्येक लोकप्रतिनिधींस अपात्र ठरविले. इस्राएलातही संसदेच्या सभासदास आपले दुसरे नागरिकत्व शक्य असेल तर सोडावे लागते. म्हणजे निष्ठेची कसोटी अधिकारपदाच्या दाराशी लावता येते; ती घराच्या उंबऱ्याशी लावण्याचे कारण नाही.

येथे मला आपल्याच घरातील एक उदाहरण आठवते. मुलगी दिल्या घरी गेली, तिचे नाव बदलले, म्हणजे माहेरचा तिचा संबंध चोळी-बांगडीपुरता उरला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला आणि मुलीस वडिलार्जित मिळकतीत जन्मतः पुत्राइतकाच हक्क मिळाला. सासरी एकनिष्ठ राहणे आणि माहेरी हक्काने येणे यांत विरोध नाही, हे आपण कायद्याने कबूल केले. त्याच वर्षी परदेशी गेलेल्या पुत्रास मात्र आपण हक्क दिला नाही, कार्ड दिले! मातेच्या उपमेवर ज्यांची भिस्त आहे, त्यांनी कन्येची ही उपमाही विचारात घ्यावी.

शिवाय, कागदावरून मनुष्याचे आपलेपण ओळखता येते काय? १९६२ मध्ये इस्राएलातील मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. निदर्शने झाली, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेला त्यांची बाजू घ्यावी लागली. याच समाजातील कित्येकजण इंग्रजी अमदानीत कराचीस गेले. १८९३ साली त्यांनी तेथे सिनेगॉग बांधले. आता कल्पना करा: दोघे सख्खे भाऊ, एक मुंबईत राहिला, दुसरा कराचीत राहून पाकिस्तानचा नागरिक झाला. दोघांचीही मुले आज इस्राएलात आहेत. पहिल्याच्या मुलास आपले कार्ड मिळेल. दुसऱ्याच्या मुलास ते कायद्यानेच वर्ज्य, कारण ज्याचे आईबाप, आजेपणजे यांपैकी कोणीही पाकिस्तानचे नागरिक होते, त्यास ते मिळत नाही. आडनाव एक, मूळ गाव एक, मलिदा एक. भेद तो केवळ बापाने कोणत्या बंदरात पोट भरले याचा.

म्हणून माझे मत थोडक्यात असे: मत आणि सत्ता ज्याच्या अंगावर परिणाम होतात त्याने वापरावी, परंतु जन्मभूमीत परतण्याचा, तेथे राहण्याचा आणि चार झाडे लावण्याचा अधिकार सरकारच्या कृपेचा नसावा, जन्माचा असावा. ज्या भूमीने परक्या गलबतातून आलेल्यांस वस्ती दिली, घाणा दिला, आडनाव दिले, तिने आपल्याच लेकराकडे पारपत्र मागावे हे तिच्या थोरवीस शोभत नाही. मेलेल्यास जागा देणे ही भूतदया होय. जिवंतास रोप लावू देणे हाच न्याय.