टाकं, भोजनमंडप आणि दार

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांमधला एक शिलालेख एवढंच सांगतो की इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दान दिल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. मानमोडीच्या डोंगरात एका चैत्यगृहाची दाराकडची दर्शनी बाजू चंद नावाच्या तिसऱ्या यवनाने करवून घेतली. लेख ओळ-दीड ओळीचे, साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकातले. दान काय आणि दाता कोण, एवढाच मजकूर. बदल्यात काही मागितलेलं नाही.

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या माणसाला हे डोंगर रोजच्या पाहण्यातले. तरीही भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या प्राचीन बंदराची अध्यात्मयात्रा म्हटलं की आपल्याला विमानाचं तिकीट आठवतं. त्या समुद्राकडची वाट दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यातून गेली होती, हे ध्यानातही येत नाही.

यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही तेच नाव लागलं. हे तिघे थेट समुद्रापारचे, की वायव्येत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या ग्रीकांचे वंशज, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ते ज्या वाटेवर उभे होते ती कुठे जात होती, याबद्दल वाद नाही. नाणेघाट उतरला की कल्याण आणि सोपारा. तिथून मोसमी वाऱ्यावर लाल समुद्रातली बेरेनिके, म्योस होर्मोस ही बंदरं. मग वाळवंटातून उंटांवर नाईलकाठचं कोप्तोस, आणि नदीने खाली अलेक्झांड्रिया. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने लिहून ठेवलंय की त्याच्या काळी एकट्या म्योस होर्मोसहून वर्षाला सुमारे १२० जहाजं हिंदुस्थानकडे निघत. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात कल्याणचं नाव आहे. कल्याणला आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, हेही त्यात आहे.

या वाटेने मिरी, कापड, दारू आणि सोनं गेलं-आलं, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते त्या मालाबरोबर गेलेलं. इ.स. २०० च्या आसपास अलेक्झांड्रियात शिकवणाऱ्या क्लेमेंट या ख्रिस्ती आचार्याने बुद्धाचा नावानिशी उल्लेख केला. हिंदुस्थानात काही लोक बुद्धाच्या उपदेशाप्रमाणे वागतात आणि त्याच्या असामान्य पावित्र्यामुळे त्याला देव मानतात, असं तो सांगतो. त्याचा गुरू पँटीनस स्वतः हिंदुस्थानात जाऊन आला होता, असं चर्चचा इतिहासकार युसेबियसने नोंदवलंय. म्हणजे त्या बंदरातली विद्यापीठं आणि आपल्याकडचे विहार एकमेकांना अगदीच अनोळखी नव्हते. मधे समुद्र होता, आणि तो ओलांडणारे बहुतेक व्यापारी होते.

इथेच आपली एक समजूत तपासायला हवी. पैसा करायला निघालेला माणूस वेगळा आणि देवाला शोधायला निघालेला वेगळा, अशी विभागणी आपण सहज करतो. जुन्नरचे शिलालेख ती मानत नाहीत. त्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या, धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, दाते म्हणून येतात. क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम, लेखात नोंदलेल्या ४६ व्या वर्षी, टाकं आणि मंडप देतो. त्याच रांगेत हे यवन आहेत. ते संघाला देतात, पण नावापुढचं ‘यवन’ पुसत नाहीत. आपलं मूळ सोडल्याशिवाय इथल्या धर्माच्या अंगणात उभं राहता येत नाही, असं त्यांना कुणी म्हटलेलं दिसत नाही. हा मोकळेपणा मला त्या लेण्यांतल्या कोरीवकामापेक्षाही मोठा वाटतो.

दान कशाचं, हेही पाहावं. पाणी, जेवणाची जागा, आत येण्याचं दार. घाट चढून आलेल्या थकल्या माणसाला लागतं तेच. इरिलला तहान ठाऊक असणार.

ओतूरला मांडवीकाठी कपर्दिकेश्वराशेजारी तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य महाराजांची समाधी आहे. श्रावणी सोमवारी इथे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात आणि यात्रा भरते. राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी ही तुकोबांची गुरुपरंपरा. त्यांनी ती आपल्या अभंगात सांगितली आहे. तुकोबा ओतूरला चालत आले नाहीत, गुरूच त्यांच्या स्वप्नात आला. मंत्र दिला, डोक्यावर हात ठेवला, आणि जेवणासाठी पावशेर तूप मागितलं. त्या तुपाचा स्वप्नात विसर पडला, हीही खंत तुकोबांनी लिहून ठेवली. दुकान चालवलेला माणूस तो. पावशेराचं मोल त्याला कळत होतं. साक्षात्काराच्या क्षणी गुरूने तूप मागावं, यात मला चिटाच्या भोजनमंडपाची ओळख पटते. पोटाला बाजूला सारून चालणारं अध्यात्म या मातीने कधी मानलं नाही. आज यात्रांमध्ये महाप्रसादाच्या पंगती उठतात, तेव्हा वाढप्याला हेच ठाऊक असतं. मात्र ज्या मंदिरांत देणगीदाराची पाटी देवापेक्षा मोठी होते, तिथे मला त्या दीड ओळीच्या लेखांची फार आठवण येते.

लाल समुद्राकडची ती वाट एकेरी नव्हती. बेरेनिकेच्या उत्खननात सातवाहनांची नाणी सापडली. २०२२ मध्ये तिथल्या इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात ७१ सेंटिमीटर उंचीची बुद्धमूर्ती मिळाली. तिचा संगमरवर भूमध्य समुद्राच्या बाजूचा आहे आणि ती बहुधा अलेक्झांड्रियात घडवली गेली, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे. त्याच मंदिरात संस्कृत आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांतला एक लेखही निघाला. रोमन सम्राट फिलिपच्या सहाव्या वर्षी, म्हणजे इ.स. २४८ च्या सुमारास, वासुल नावाच्या क्षत्रियाने सर्व जीवांच्या हितासाठी आणि सुखासाठी तिथे एक मूर्ती दिली. आपलं क्षत्रियपण त्यानेही तिथे लपवलं नाही.