राखीव जागा कुणाची?



ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे. तुमची जागा अनुसूचित जातीसाठी राखीव निघाली आहे. संध्याकाळी गावचे कारभारी दारात येतात, चहा घेतात आणि म्हणतात, "तुम्ही शिकलेले. फॉर्म भरा, बिनविरोध काढून देतो." अशा वेळी उभे राहावे काय?

हा मान आहे की मोल, हे आधी ओळखा. १९३२ च्या पुणे कराराने जागा राखीव झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिला. उमेदवार आपला, निवडून देणारे सर्व. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतीतही हीच रीत आणली. म्हणूनच गावाला होयबा हवा असतो.

मग दूर राहावे? तेही नव्हे. तुम्ही नाकारलेली खुर्ची रिकामी राहत नाही. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, तो तिच्यावर बसतो.

एक कसोटी सांगतो. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चावयाचे असतात. "पहिल्याच सभेत मी त्यांचा हिशेब मागेन," असे कारभाऱ्यांना चहा संपण्याआधीच सांगा. तरीही ते बिनविरोध म्हणाले, तर उत्तम. उठून गेले, तर वस्तीची बैठक बोलवा, तिच्या संमतीने फॉर्म भरा आणि लढा.

मी शिक्षक आहे. नोकरीमुळे मला उभे राहता येत नाही. सांगणे सोपे, हे मी जाणतो. पण पडलेल्या उमेदवाराला वस्तीत तोंड दाखवता येते. हिशेब न मागणाऱ्या सदस्याला ते पाच वर्षे लपवावे लागते.