पाळणें

मराठी भाषेंत 'पाळणें' हें क्रियापद दोन अर्थांनीं येतें. आपण गाय पाळतों, कुत्रा पाळतों, पोपट पाळतों. आणि शब्द पाळतों, वेळ पाळतों, पथ्य पाळतों, व्रतहि पाळतों. पहिल्या अर्थीं पाळणारा हा धनी असतो व पाळला जाणारा जीव त्याच्या सत्तेखालीं असतो. दुसऱ्या अर्थीं सत्ता पाळावयाच्या गोष्टीची असते आणि पाळणारा तिच्यानें बांधला जातो. हे दोन अर्थ एका शब्दांत केवळ योगायोगानें एकत्र नांदतात, कीं त्यांच्यामध्यें कांहीं आंतरिक नातें आहे, हा प्रश्न आम्हांस कुत्र्याच्या निमित्तानें येथें विचारावयाचा आहे.

प्रश्न पुस्तकी नाहीं. सावित्री नदीच्या कांठीं वसलेलें महाड तालुक्यांतील दासगांव घ्या. एके काळीं मुंबईहून जलमार्गानें येणारे उतारू येथें उतरत. आज मुंबई-गोवा महामार्ग गांवाजवळून जातो. ज्या घरांतील एकहि माणूस मुंबईस नाहीं असें घर या मुलखांत विरळा. गणपतीला व शिमग्याला चाकरमानी येतात, आणि अलीकडे त्यांच्या मोटारींतून मुलांच्या पाठोपाठ एखादा सोनेरी रिट्रीव्हर किंवा कुरळ्या केसांचा पूडलचा संकर खालीं उडी घेतो. गांवचीं पोरें कौतुकानें जमतात. सण संपतो, मोटार परत जाते, आणि एखाद्या घरीं कुत्रा मागें राहतो. 'इथें अंगण आहे, मोकळी हवा आहे, आईबाबांना तेवढीच सोबत होईल,' असें त्याचें समर्थन केलें जातें. ज्यांनीं कुत्रा आणला त्यांची हौस फिटलेली असते. ज्यांच्या गळ्यांत तो पडला त्यांना कोणीं विचारलेलें नसतें. आणि कुत्र्याला विचारण्याची सोयच नसते. या सर्व प्रकारांत क्रूर असा कोणीच नाहीं, आणि म्हणूनच त्याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. क्रौर्याचा निषेध करण्यास फारसें तत्त्वज्ञान लागत नाहीं. प्रेमळ माणसाच्या हातून होणारा अन्याय ओळखण्यास मात्र तें लागतें.

हे कुत्रे आले कोठून, हें प्रथम पाहूं. सोनेरी रिट्रीव्हराचा उगम स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतला. पुढें लॉर्ड ट्वीडमाउथ या पदवीनें ओळखल्या गेलेल्या जमीनदारानें १८६८ सालीं पिंवळ्या रंगाचा एक रिट्रीव्हर व ट्वीड नदीकांठच्या जातीची एक पाणकुत्री यांचा संबंध घडवून ही जात पैदा करण्यास आरंभ केला. शिकाऱ्यानें पाडलेला पक्षी थंडगार पाण्यांतून वा दलदलींतून दांत न रोवतां अलगद आणून देणें, हें तिचें नेमून दिलेलें काम. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यू फाउंडलंडच्या कोळ्यांच्या सोबतीनें बर्फासारख्या पाण्यांत वावरले. दिवाणखान्यांतील शोभेचा म्हणून ओळखला जाणारा पूडलहि मूळचा पाणकुत्राच. त्याचे केस चमत्कारिक रीतीनें कापण्याची चाल, पोहतांना अंग हलकें रहावें पण छाती व सांधे उबदार रहावे, या गरजेंतून निघाली असें सांगतात. या दोघांचा संकर प्रसिद्धीस आला तो १९८९ सालीं. हवाई बेटांतील एका अंध बाईस वाटाड्या कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीस कुत्र्याच्या केसांचें वावडें होतें. तेव्हां ऑस्ट्रेलियांतील अंधांसाठीं कुत्रे शिकविणाऱ्या संस्थेंतील वॉली कॉनरन या गृहस्थांनीं लॅब्रॅडॉर व पूडल यांचीं पिलें तयार करविलीं. तीन पिलांपैकीं एकच त्या पतीस सोसलें. पुढें या संकराची जी बाजारू लाट उठली ती पाहून खुद्द कॉनरन यांनीं आपल्या त्या कामाबद्दल जाहीरपणें खेद व्यक्त केला. अशा कुत्र्यांमुळें ॲलर्जीचा त्रास होत नाहीं असें विकणारे सांगतात. परंतु या जातींच्या घरांत तीं त्रासदायक द्रव्यें कमी असतात असें शास्त्रीय तपासणींत आढळून आलेलें नाहीं.

या इतिहासाचें तात्पर्य काय? आमच्या वाडींतला गांवठी कुत्रा हा ऊन, पाऊस व उपासमार यांच्या चाळणींतून पिढ्यान् पिढ्या गाळून निघालेला प्राणी आहे. त्याचे आंखूड केस, सडपातळ अंग आणि सावध डोळे हीं त्याच्या मुलखानें त्याला दिलेलीं आहेत. रिट्रीव्हर अथवा पूडलचा संकर यांचें अंग मात्र माणसाच्या इच्छेनें घडविलेलें आहे. त्याची दाट दुपदरी लोंकर, त्याची न थकणारी धांव, माणसाच्या तोंडाकडे सारखें पाहत राहण्याची त्याची वृत्ति, हें सर्व माणसानें आपल्या कामासाठीं वा आवडीसाठीं निवडून निवडून वाढविलेलें आहे. एखाद्याची गरज आपणच निर्माण करावी व ती भागविण्याची वेळ आली म्हणजे तो 'लाड' म्हणून उडवून लावावा, हें न्यायाचें नव्हे. देणें आपण उत्पन्न केलें. फेडहि आपणच केली पाहिजे.

ही फेड तीन प्रकारची आहे, आणि ती नित्याची आहे. पहिली केसांची. रिट्रीव्हराच्या अंगावर वरचे लांब केस व खालची मऊ लोंकर असे दोन थर असतात. खालची लोंकर गळते, ती फणीनें निघाली नाहीं तर आंत कोंडून राहते. उन्हाळा आला म्हणून सगळेच केस वस्तऱ्यानें उतरविणें हा उपाय नव्हे; त्यामुळें कातडीचें उन्हापासून होणारें रक्षण जातें आणि केस पुन्हां पूर्ववत् उगवतीलच असा भरंवसा नसतो. पूडलच्या संकराची गोष्ट निराळी. त्याचे केस जमिनीवर फारसे पडत नाहींत म्हणून लोक त्याला स्वच्छ समजतात. परंतु गळलेला केस कुरळ्या केसांत अडकून कानामागें, काखेंत व गळपट्ट्याखालीं जटा होतात. वरवर कुंचला फिरविल्यानें तो वरून रेशमासारखा दिसतो आणि आंत कातडी ओढली जात असते. फणी मुळापर्यंत गेली पाहिजे, आणि दीड-दोन महिन्यांनीं केस कातरले पाहिजेत. त्यांत आमचा कोंकणचा पावसाळा! चार महिने अंग ओलें, लोंबत्या कानांत हवा शिरत नाहीं, मग कान चिघळतात. गोचिडी बोटांच्या बेचक्यांत बसून ताप आणतात. पुराच्या चिखलांतून येणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला होतो आणि त्याच्यापासून माणसालाहि होऊं शकतो. त्याची लस रेबीजच्या लसीप्रमाणेंच वेळेवर टोंचून घ्यावी लागते. म्हणजे फिरून आल्यावर पंचानें कोरडें करणें, कान पाहणें, पंजे पाहणें, हा रोजचा पाठ झाला.

दुसरी फेड शरीराची. कुत्र्यास माणसाप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं. धापा टाकूनच तो आपला दाह शमवितो. वैशाखांतील दमट दुपारीं त्याला धांवावयास लावणें म्हणजे त्याचा जीव धोक्यांत घालणें होय. सूर्योदयापूर्वी आणि दिवेलागणीनंतर फिरविणें, सडकेवर आपल्या हाताची मागची बाजू टेंकून ती पोळते कीं काय हें पाहणें, वाढत्या वयाच्या पिलास सांधे भरेपर्यंत दूरवर न दौडविणें, या गोष्टी साध्या आहेत, पण त्या रोज कराव्या लागतात. पाण्याची ओढ या जातींच्या रक्तांतच आहे. पण म्हणून त्यांना सावित्रींत सोडतां येत नाहीं, कारण महाडजवळच्या पात्रांत मगरींची वस्ती आहे. ज्याला पोहण्यासाठीं घडविलें त्याला नदी दाखवून रोखून धरावयाचें, तर त्या ओढीला दुसरी वाट दिली पाहिजे. आणि ती देण्यास कोणीतरी त्याच्याबरोबर अंगणांत उतरलें पाहिजे.

तिसरी फेड मनाची, आणि तीच आमच्या मतें सर्वांत मोठी. शिक्षण म्हणजे हुकूम ऐकावयास लावणें अशी समजूत आहे. वस्तुतः जन्मानंतरच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत पिलाला नाना माणसें, आवाज व स्पर्श यांचा जो निर्धास्त परिचय होतो, त्यावर त्याचा पुढील स्वभाव बराचसा अवलंबून असतो. एका गोष्टीला घरांतल्या सर्वांनीं एकच शब्द वापरावा. केलेल्या कामाची शाबासकी त्याच क्षणीं द्यावी. घडून गेलेल्या अपराधाबद्दल तासाभरानें मारूं नये, कारण कुत्रा त्या माराचा संबंध अपराधाशीं न लावतां मारणाऱ्याशीं लावतो. रिट्रीव्हर पिलूं वहाण तोंडांत धरून आणतें तेव्हां तें आपल्या कुळाचा धर्मच आचरत असतें. त्याला चेंडू द्यावा आणि तो परत देण्यास शिकवावें. विचार केला तर या शिक्षणांत विद्यार्थी मुख्यतः धनीच असतो. बोललेंलें तेंच करणें, राग आंवरणें, वेळ चुकूं न देणें, हे गुण कुत्र्याने शिकण्याच्या आधीं माणसास अंगीं बाणवावे लागतात. येथें 'पाळणें' शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांस भेटतात. जो वेळ पाळीत नाहीं व शब्द पाळीत नाहीं, तो कुत्रा बाळगतो, पाळीत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दासगांवींच अधिक जोरानें येईल. १९२७ च्या डिसेंबरांत डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीनें याच दासगांवीं उतरून महाडास गेले. त्याच वर्षीं २० मार्चला चवदार तळ्याचें पाणी प्राशन करून त्यांनीं जो हक्क बजावला होता, तो कोर्टांत कायम होण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. ज्या तळ्यावर जनावरास मज्जाव नव्हता तेथें माणसास होता. पुढें २००५ च्या जुलैमध्यें याच दासगांवांत डोंगर घसरून घरें गाडलीं गेलीं व माणसें मेलीं. अशा ठिकाणीं कुत्र्याच्या फणीचा आणि कातरीचा विचार सांगणें हें सुखवस्तूंचें चोंचलें नव्हे काय?

आक्षेप हलका नाहीं. परंतु त्याची धार नेमकी कोणावर आहे हें पाहिलें पाहिजे. चवदार तळ्यावरचें पाप जनावराला पाणी पिऊं दिलें हें नव्हतें. माणसाला पिऊं दिलें नाहीं हें होतें. कुत्र्याच्या वांट्याचें पाणी काढून घेतल्यानें तें पाप धुतलें गेलें नसतें. मात्र त्यांतून एक धडा कायमचा घेतला पाहिजे: प्राण्यावरील माया ही माणुसकीची साक्ष म्हणून पुढें करतां येत नाहीं. आजहि घरच्या रिट्रीव्हरास सोफ्यावर जागा असते, आणि त्याला सकाळसंध्याकाळ फिरविणाऱ्या पोराला चहाचा पेला निराळा असतो. अशा घरांत कुत्र्याचे केस कितीहि नीट विंचरलेले असोत, तेथें दया नाहीं, केवळ मालकीचा अभिमान आहे. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याचें म्हणणें असें कीं, प्राण्यांविषयीं आपलें प्रत्यक्ष कर्तव्य नसून, त्यांच्याशीं निष्ठुरपणें वागल्यानें माणसांविषयींचें आपलें मन निबर होतें म्हणून त्यांस जपावें. बेंथॅमनें १७८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत याच्या उलट सरळ प्रश्न टाकला: प्राण्याला बुद्धि आहे कीं नाहीं हा मुद्दाच नव्हे, त्याला दुःख होतें कीं नाहीं हा मुद्दा. आम्हांस बेंथॅमची बाजू अधिक सयुक्तिक वाटते. ओढल्या जाणाऱ्या कातडीचें दुःख हें त्या कुत्र्याचें आहे. आमच्या मनाच्या संस्काराचें तें निमित्त नव्हे.

याच महाड तालुक्यांत रायगडावर वाघ्या कुत्र्याचें स्मारक आहे. धन्याच्या चितेंत त्यानें उडी घेतली अशी कथा. स्मारक १९३६ सालचें. या कथेस समकालीन पुरावा नाहीं असें इतिहासाचे अभ्यासक सांगतात. २०१२ मध्यें तो पुतळा हलविला गेला व पुन्हां बसविला गेला, आणि २०२५ मध्यें तो वाद परत उठला. त्या वादांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. आमचें लक्ष दुसरीकडे आहे. अशा सर्व कथांत परीक्षा कुत्र्याची असते आणि परीक्षक माणूस असतो. महाभारतानें मात्र हा क्रम उलटा लावला आहे. आदिपर्वांत जनमेजयाचे भाऊ निरपराध कुत्र्यास मारतात, आणि त्याची आई सरमा राजाला जाब विचारते. तिला उत्तर मिळत नाहीं. अखेरीस स्वर्गाच्या दाराशीं युधिष्ठिर पोंचतो, तेव्हां मागून आलेल्या कुत्र्यास टाकून तो आंत पाऊल घालण्यास तयार होत नाहीं. त्या कुत्र्यानें कांहीं पराक्रम केला म्हणून नव्हे. तो सोबत आला होता, एवढेंच कारण. तेथें निष्ठेची परीक्षा राजाची होती.

तेव्हां मुलाच्या वाढदिवसास पिलूं आणण्यापूर्वी प्रत्येक गृहस्थानें स्वतःस विचारावें: पुढील दहा-बारा वर्षें रोजचा दीड-दोन तास माझ्यापाशीं आहे काय? नसेल, तर न आणणें हेंहि एक प्रकारचें पाळणेंच होय. आपण आपली मर्यादा पाळली. कुत्रा घरीं हवाच असेल आणि दारचें गांवठी पिलूं नजरेसमोर असेल, तर कोंकणच्या हवेला साजेल असा सोबती त्याच्याहून बरा कोणता? आणि ज्यांनीं रिट्रीव्हर वा पूडलचा संकर आधींच घरीं आणला आहे त्यांनीं त्याला गांवीं ठेवण्यापूर्वी वृद्ध आईबापांच्या हातांकडे एकदां पाहावें. त्या हातांना रोज फणी धरवेल काय, भर पावसांत साखळीची ओढ सोसवेल काय? कीं ज्यांना सोबत हवी होती ती आपलीच, त्यांच्याकडे आपल्या ऐवजीं कुत्रा धाडून आपण एकाच वेळीं दोन जीवांस दिलेला शब्द मोडीत आहों?