शत्रूच्या फौजेतले चेहरे

ऐतिहासिक युद्धपट पाहून चित्रगृहाबाहेर पडणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे हटकून आढळतात. एकाचे डोळे ओले असतात, दुसऱ्याच्या ओठांवर चुकांची यादी असते. या दुसऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. २०२२ साली 'वेडात मराठे वीर दौडले सात' या नियोजित चित्रपटाची पहिली झलक आली, तेव्हा महाराजांच्या वेषातील अक्षयकुमारच्या डोक्यावरच्या झुंबरात विजेचे दिवे लागलेले त्यानेच प्रथम टिपले. महाराजांचे निधन १६८० सालचे, आणि विजेचा दिवा घरोघर पोहोचायला त्यानंतर दोनशे वर्षे जावी लागली! लोक पोटभर हसले, आणि ते योग्यच झाले. पण त्या दिव्याने कोणाचे काय बिघडवले? शिवकालात वीज होती असे शाळेतले पोरही समजणार नाही. जी चूक दिसते ती आपोआप बरी होते. मला चिंता वाटते ती चुकीसारखी न दिसणाऱ्या चुकीची.

ही चूक बहुधा पात्रयोजनेत असते. मात्र पात्रयोजना म्हटले की आपला सगळा वाद नायकाभोवतीच फिरतो. महाराजांची भूमिका कोणी करावी? भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'त, १९५२ साली, चंद्रकांत उभे राहिले आणि एका पिढीच्या मनात महाराजांचा चेहरा तोच झाला. पुढे १९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज' या मालिकेत महाराज झाले नसीरुद्दीन शाह, आणि औरंगजेब झाले ओम पुरी. आज अशी योजना करणाऱ्याला आधी वकील गाठावा लागेल. २०२४ च्या एप्रिलमध्ये चिन्मय मांडलेकर या नटाने, अनेक चित्रपटांत महाराजांची भूमिका केल्यानंतर, ती यापुढे करणार नाही असे जाहीर केले. कारण अभिनयातले नव्हते. त्याच्या मुलाच्या नावावरून लोकांनी त्याच्या घरच्यांना बोल लावले होते. नटाची जात, धर्म, मुलाचे नाव यांचा भूमिकेच्या खरेपणाशी संबंध जोडणे मला तरी अडाणीपणाचे वाटते. नट हा मुळातच दुसऱ्याचा चेहरा लावणारा माणूस. त्याच्या रक्ताची चौकशी करायची तर नाटक या कलेलाच कुलूप घालावे लागेल.

मग पात्रयोजनेत सत्यासत्याचा प्रश्न नाहीच काय? आहे, आणि तो फार मोठा आहे. मी कादंबऱ्या लिहितो. 'मोगलांची फौज चालून आली' एवढे लिहून मी मोकळा होतो. त्या फौजेतल्या एकाही शिपायाचे तोंड मला रंगवावे लागत नाही. चित्रपटवाल्याला ही सवलत नाही. पडद्यावर फौज आणायची तर शेपाचशे जिवंत माणसे उभी करावी लागतात, आणि ती कशी दिसावीत हे कोणाला तरी ठरवावे लागते. हे ठरवणे म्हणजेच इतिहासाबद्दल विधान करणे. एका बाजूला सगळे भगवे फेटे आणि उमदे चेहरे, दुसऱ्या बाजूला सुरमा घातलेले डोळे, काळे वेष आणि हातात मांसाचा तुकडा, अशी मांडणी केली की एकही शब्द न उच्चारता एक खोटे वाक्य सांगून होते. झुंबरातल्या दिव्यापेक्षा ते कितीतरी जड असते.

उदाहरणासाठी मला दूर जायचे कारण नाही. चाकणच्या भर वस्तीत संग्रामदुर्गाचे अवशेष उभे आहेत. आसपासच्या कारखान्यांत कामाला जाणारे हजारो लोक या परिसरातून ये-जा करतात. बहुतेकांच्या लेखी ती एक पडकी भिंत. १६६० सालच्या जूनच्या २१ तारखेस शायिस्तेखान या भुईकोटापुढे येऊन बसला. आत फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर शिबंदी. पाऊस, चिखल, खंदकाचे पाणी. खानाच्या माणसांनी मोर्चे बांधले आणि जमिनीखालून ईशान्येच्या बुरुजापर्यंत सुरुंग नेला. १४ ऑगस्टला दुपारी बुरुज उडाला, त्यावरची माणसे उडाली. मोगल आत घुसू पाहतात तो पुढे मातीचा दुसरा बांध! आतल्यांनी तो आधीच रचून ठेवला होता. त्याच्या आडून त्यांनी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी कोट पडला. मोगलांकडचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाले. सुमारे ५५ दिवस एक साधा भुईकोट लढला.

याच दिवसांत, १३ जुलैला, तिकडे बाजीप्रभूंनी खिंड अडवली. त्या काही घटकांच्या रणावर २०२२ या एकाच वर्षात 'पावनखिंड' आणि 'हर हर महादेव' असे दोन चित्रपट आले. चाकणचा वेढा मात्र मला कोठे पडद्यावर भेटलेला नाही. कारण उघड आहे. खिंडीला वेग आहे. वेढ्याला नुसते थांबणे आहे, ओले धान्य आहे, जमिनीला कान लावून कुदळीचा आवाज ऐकणे आहे. पण युद्ध बहुतांशी असेच असते. आणि वेढ्याचा चित्रपट काढायचा तर बाहेर बसलेल्या माणसांकडेही पाहावे लागेल, कारण तीही ५५ दिवस त्याच पावसात भिजत होती.

कोण होती ती माणसे? परमानंदाचे 'शिवभारत' हे महाराजांच्या दरबारचे काव्य. शत्रूची नावे कमीअधिक करण्याचे त्याला काही कारण नव्हते. शायिस्तेखानाबरोबर आलेल्या सरदारांत तो जाधव, घाटगे, इतकेच काय, भोसलेही सांगतो. आणि इकडे महाराजांच्या बाजूला? अफझलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. आता ही फौज पडद्यावर कशी उभी कराल?

हा प्रश्न मी एकदा प्रत्यक्ष सोडवायला बसलो होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' आला, त्यानंतर शाळेच्या मैदानावर रोज लढाई सुरू झाली. मी पाहू लागलो तर भूमिका ठरूनच गेलेल्या. मोगल व्हायचे ते घरी हिंदी बोलणाऱ्या कामगारांच्या मुलांनी आणि वर्गातल्या दोन मुसलमान पोरांनी. कोणी सक्ती केली नव्हती. ती पोरे आपण होऊनच त्या बाजूला जाऊन उभी राहात. हे 'आपण होऊन' मला फार बोचले. म्हणून संमेलनात चाकणचा वेढा बसवताना मी चिठ्ठ्या टाकल्या. एका शेतकऱ्याच्या मुलाला मोगल शिपाई निघाला. त्याचे आडनाव 'शिवभारता'च्या त्या यादीत बसणारे. दुसऱ्या दिवशी वडील दारात.

"गुरुजी, आमच्या घरातलं पोरगं मोगल व्हायचं?"

मी त्यांना ग्रंथातली नावे सांगितली. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "असंल तुमच्या पुस्तकात. पण उद्या याचा फोटो गावभर फिरंल. पुस्तक कोण उघडून बघतंय?"

चिठ्ठी मी बदलली नाही. परंतु त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. मेलेल्या माणसाला पडद्यावर काय केले याचे सोयरसुतक नसते. नाव वागवतात ते जिवंत. 'छावा'त गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना ज्या रीतीने दाखवले त्याबद्दल शिर्के घराण्यातील मंडळी संतापली, १०० कोटींच्या दाव्याची भाषा झाली, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी क्षमा मागितली. पुष्कळांनी याची टवाळी केली. मला वाटते, वंशजांना एक हक्क खचित आहे : पुरावा दाखवा, असे म्हणण्याचा. पुरावा निघाला तर मात्र 'आमच्या घराण्याची शोभा राखा' हे म्हणणे टिकत नाही. आणि हाच हक्क ज्यांचे वंशज दावा लावायला येणार नाहीत त्यांनाही आहे. खानाच्या फौजेतल्या सुरुंग खणणाऱ्याच्या वतीने कोण नोटीस धाडणार?

'सुरुवातीला सूचना असते ना', असे चित्रपटवाले म्हणतात. कथा कादंबरीवरून घेतली, स्वातंत्र्य घेतले, वगैरे. 'छावा' शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला आहे हे खरेच. पण त्या सूचनेचे सामर्थ्य किती? चित्रपट लागल्यावर काही आठवड्यांनी मध्यप्रदेशात बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री विजेऱ्या घेऊन शेते उकरू लागले. पडद्यावर मोगलांचा खजिना पाहिला होता, तो तेथेच असणार! जो माणूस पडद्यावर विसंबून मोहरांसाठी जमीन खणतो तो पडद्यावर विसंबून शेजाऱ्याचा चेहराही वाचील, यात नवल ते काय?

चाकणवर कोणी कधी चित्रपट काढलाच तर मला एक प्रसंग पाहायचा आहे. कोट पडल्यावर फिरंगोजी बाहेर आला तो बुंदीच्या राव भावसिंह हाडाच्या मध्यस्थीने. खानाने त्याच्या शौर्याची कदर केली, बादशाही चाकरी देऊ केली. त्याने ती नाकारली, तरी त्याला सन्मानाने महाराजांकडे जाऊ दिले. ५५ दिवस भिजलेली दोन माणसे दरवाजात समोरासमोर येतात. त्यांतला एक राजपूत आहे आणि तो मोगलांच्या बाजूचा आहे. त्याला दिग्दर्शक कोणता फेटा बांधणार, डोळ्यांत सुरमा घालणार की नाही, आणि बोलायला एखादे धड वाक्य देणार की नाही, ते मी पहिल्या रांगेत बसून पाहीन.